हॅलोविन आणि ख्रिस्ती विवेक

हॅलोविन हा मूळचा मूर्तिपूजकांचा सण, म्हणून ख्रिस्ती माणसाने तो पाळू नये, असे अनेक श्रद्धावंत कळकळीने सांगतात. त्यांची कळकळ खरी आहे, पण ज्या इतिहासाचा ते आधार घेतात तो कच्चा आहे. आयर्लंडमध्ये १ नोव्हेंबरच्या सुमारास साउन हा हिवाळ्याच्या आरंभाचा सण होता, हे निश्चित. मात्र त्याची वर्णने मिळतात ती मध्ययुगीन कथांतून, आणि त्या लिहिल्या गेल्या ते बेट ख्रिस्ती होऊन काही शतके लोटल्यावर. साउन म्हणजे मृतांचा सण, हे चित्र रंगवले ते मुख्यतः जेम्स फ्रेझर आणि त्याच्या काळातल्या अभ्यासकांनी. त्याला प्राचीन पुरावा फारच तुटपुंजा आहे, हे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. उलट, हॅलोविन ज्याची पूर्वसंध्या आहे त्या सकल संतांच्या सणाचा माग स्वच्छ लागतो. सातव्या शतकाच्या आरंभी पोप चौथे बोनिफेस यांनी रोमचे पँथिऑन मरिया आणि हुतात्म्यांना अर्पण केले, ते १३ मे रोजी. पुढे ८०० च्या सुमारास ख्रिस्ती विद्वान अल्क्विन १ नोव्हेंबरचा पुरस्कार करताना दिसतो आणि ८३५ मध्ये सम्राट लुईच्या फ्रँक राज्यात तीच तारीख रूढ झाली. केल्टिक सण झाकण्यासाठी ही तारीख निवडली असती, तर ती आधी आयर्लंडमध्ये दिसायला हवी होती. पण जुन्या आयरिश पंचांगात सर्व संतांचे स्मरण २० एप्रिलला आहे.

मग आजचे रक्ताळलेले मुखवटे कुठून आले? मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत मृतांसाठी घंटा वाजत आणि गरीब लोक दारोदार जाऊन गोड पाव मागत व त्या बदल्यात घरच्या मृतांसाठी प्रार्थना करत. सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी शुद्धिस्थानाची, म्हणजे मृतांचे आत्मे स्वर्गाआधी जिथे शुद्ध होतात त्या जागेची, शिकवण नाकारली. घंटा थांबल्या, प्रार्थनाही थांबली. कृपेवरचा त्यांचा भर मला मान्य आहे, तरी मृतांच्या आठवणीसाठी त्यांनी त्या रात्री जागाच ठेवली नाही, ही मोठी हानी होती. दारोदार फिरणे आणि भुताखेतांच्या गोष्टी मात्र टिकल्या. आयर्लंडमध्ये उपासनेच्या जोडीने रात्रीचे खेळही चालत. १८४५ नंतरच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसे अमेरिकेत गेली, आणि तिथे सर्वांनी उचलले ते खेळ, उपासना नव्हे. विसाव्या शतकात मिठाईच्या बाजाराने उरलेले काम केले.

मुळावर बोट ठेवून प्रथा निषिद्ध ठरवली की काय होते, हे गोव्याने भोगले आहे. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने धर्मांतरितांना अंगणात तुळस ठेवायला, बिनमिठाचा भात रांधायला आणि वधूवरांना हळद किंवा नारळाचा रस लावायला मनाई केली. आज गोव्यातल्या कॅथलिक लग्नांत रोस, म्हणजे नारळाचा रस लावण्याचा विधी, उत्साहाने होतो आणि त्याने कुणाची श्रद्धा ढळत नाही.

यावर कोणी म्हणेल, मूळ काहीही असो, आज या रात्री चेटूक आणि क्रौर्य यांचाच खेळ मांडला जातो. हा आक्षेप मला पहिल्यापेक्षा कितीतरी वजनदार वाटतो. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मृतांना प्रश्न विचारण्यास स्पष्ट मनाई आहे. तेव्हा आत्मे बोलावण्याचे खेळ आणि यातनांची करमणूक ख्रिस्ती घरात नकोच. पण शेजारच्या मुलाने कोळ्याचा वेश करून मिठाई मागणे याच पापात बसवता येत नाही. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबद्दल पौल करिंथकरांना हेच समजावतो. मूर्ती काहीच नाही, त्यामुळे अन्नात दोष नाही. त्याच पत्रात तो पुढे बजावतो की या स्वातंत्र्यामुळे दुर्बल भावाला ठेच लागू नये. नुकत्याच मंत्रतंत्राच्या धाकातून सुटलेल्या कुटुंबासमोर भुताचा मुखवटा घालणे म्हणूनच गैर आहे. तिथे ३१ ऑक्टोबरला मृत आप्तांची नावे घेऊन प्रार्थना करावी आणि मुलांना हुतात्म्यांच्या कथा सांगाव्यात; ती संध्याकाळ मुळात सकल संतांच्या सणाचीच पूर्वसंध्या आहे.