वही कोणाची, धंदा कोणाचा?

पळस्प्याहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

पळस्पे फाटा तुम्हाला माहीत असेलच. इथून एक रस्ता खोपोलीवरून पुण्याला जातो आणि दुसरा पेणवरून थेट गोव्याला. पुण्याचा रस्ता फार जुना. बोरघाटातून गाड्या जाऊ लागल्या त्या १८३० साली. त्या उद्घाटनाला मुंबईचे गव्हर्नर माल्कम साहेब आले होते, त्यांचं नाव इतिहासात आहे. पण रस्ता म्हटला की वाटसरू आला, वाटसरू आला की भूक आली आणि भूक आली की चुलीपुढे कोणीतरी बाई आली. तिचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही.

आजही तसंच आहे. कर्नाळ्याच्या आसपास पहिला पाऊस पडला की आदिवासी बाया शेवळं, टाकळा, कुर्डू घेऊन रस्त्याकडेला बसतात. आगरी-कोळी बाया सुकट-बोंबील विकतात. पेणला पोह्याचे पापड आणि मिरगुंडं, त्याच्या पुढे पांढऱ्या कांद्याच्या माळा. हा सगळा व्यापारच आहे. पण त्या बाईला विचारा, "मावशी, काय करता?" ती म्हणेल, "काही नाही, घरीच असते."

हे हसण्यावारी न्यायचं नाही, कारण यात आमचंही चुकलं होतं. आमच्या गटातल्या एक मावशी फाट्याजवळ झुणका-भाकर आणि पावसाळ्यात भाजलेली कणसं विकायच्या. २०११ नंतर पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटर रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम निघालं. मावशींची टपरी उठली. पुढे दुसरीकडे नवी मांडायची म्हणून त्यांनी कर्ज मागितलं. साहेबांनी विचारलं, "महिन्याला उलाढाल किती? उरतात किती?" मावशी म्हणाल्या, "पोटापुरतं." अर्ज परत आला. आम्ही तणतणत घरी आलो आणि गटाचं रजिस्टर उघडलं. मावशींच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात लिहिलेलं होतं, 'घरकाम'. अक्षर आमचंच होतं.

म्हणून आज आपल्या आधीच्या बायकांची गोष्ट सांगायची आहे. त्यांनी धंदा तर केलाच, पण तो कागदावरही आणला.

पहिली गोष्ट मुंबईतल्या गिरगावची. १५ मार्च १९५९ रोजी सात जणी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. हाच आपला लिज्जत पापड. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. कोकणातल्या बाईला हे दुखणं वेगळं सांगायला नको! पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, पावसातही काम चालू. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. आज इतक्या वर्षांनी हा आकडा आपल्याला सांगता येतो, कारण तेव्हा कोणीतरी तो लिहून ठेवला. देणगी घ्यायची नाही, नफा-तोटा सगळ्या बहिणींनी वाटून घ्यायचा, हे त्यांनी ठरवलं. वाटून घ्यायचं तर हिशेब चोख लागतो. हिशेब नसता तर सात जणी सात दिवसांत भांडल्या असत्या.

दुसरी गोष्ट गिरणगावातली. आपल्या कोकणातले, घाटावरचे किती तरी पुरुष गिरणीत कामाला गेले. त्यांना जेवू घालणाऱ्या बायका म्हणजे खानावळवाल्या. एका खोलीत पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक, महिन्याच्या उधारीवर. किराणा आणायला पैसे सावकाराकडून, व्याज भारी, मंगळसूत्र गहाण. संप झाला की कामगाराचा पगार थांबे, पण त्याचं पोट थांबत नसे. तेव्हाही या बायकांनी त्यांना उपाशी ठेवलं नाही. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुरुवात १४ जणींपासून झाली. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि गरिबाला कर्ज द्यायचं धोरण कागदावर आलं होतं. पण बँकेच्या दारात जाऊन "आम्ही धंदा करतो" असं म्हणायला कोणीतरी लागतं. त्या चौदा जणी म्हणाल्या. एकीला उभं केलं असतं तर तिला परत पाठवलं असतं. एकमेकींची हमी घेऊन गेल्या म्हणून दार उघडलं.

तिसरी गोष्ट साताऱ्याच्या माण तालुक्यातली, म्हसवडची. दुष्काळी मुलूख. लोहारकाम करणारी एक बाई रस्त्यावर राहायची. पावसाआधी डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घालायला मिळावा म्हणून तिला पैसे साठवायचे होते. इतक्या थोड्या पैशांसाठी बँक खातं उघडेना. तेव्हा चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी ठरवलं की बँकच काढायची. रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण अर्जावर सही करणाऱ्यांत अंगठेवाल्या बायका होत्या. बायका रडत बसल्या नाहीत, लिहा-वाचायला शिकल्या. पुन्हा गेल्या तेव्हा साहेबांना म्हणाल्या, तुम्ही यंत्रावर व्याज काढा, आम्ही तोंडी काढतो, बघू कोण आधी सांगतं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे बायका म्हणू लागल्या, पासबुक घरी नको, नवऱ्याच्या हाती लागलं तर पैसे जातात. मग बँक दारापर्यंत गेली आणि पैसे घरबसल्या जमा होऊ लागले. त्याच म्हसवडमध्ये २००८ साली 'माणदेशी तरंग' हा सामुदायिक रेडिओ सुरू झाला. म्हणजे आज आपण जे करतोय, तेसुद्धा त्यांनी आपल्याआधी करून दाखवलं.

आपल्या गटांचा इतिहास याच सुमारास सुरू होतो. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ चं. १९९२ साली नाबार्डने देशात ५०० गट बँकांशी जोडायचा प्रयोग केला. नोंदणी नसलेल्या गटालाही बँकेत खातं उघडता येऊ लागलं. २०११ पासून 'उमेद' आलं. त्यात पंचसूत्री आली: नियमित बैठक, नियमित बचत, आपसातलं कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेब. पहिली चार सूत्रं आपल्या बाया चोख पाळतात. पाचवं मात्र 'ताई लिहितील' म्हणून आमच्यावर सोडतात. आणि आम्ही लिहिलं काय, तर 'घरकाम'!

तर मावशींचं पुढे काय झालं? आम्ही रकाना खोडून 'खाद्यविक्री' लिहिलं आणि मावशींच्या हातात दोनशे पानी वही दिली. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून नात लिहायची. तीन महिने रोज रात्री किती आले, किती गेले ते लिहिलं. तेव्हा कळलं की भाकरीत जेमतेम सुटतं, कमाई कणसांत आहे. शंभर रुपयांचं पीठ आणलं तर त्यातल्या दहा भाकऱ्या घरच्याच ताटात जायच्या आणि मावशी म्हणायच्या, धंद्यात बरकत नाही. बरकत होती, पण ती घरच्यांच्या पोटात होती. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, घरातला किराणा आणि नातीची फी मावशींच्या टपरीतून चालते, हे मुलाला पहिल्यांदा दिसलं. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी कणसांचं पोतं स्वतः उचलून आणलं.

तीच वही घेऊन आम्ही पुन्हा बँकेत गेलो. मागितलं होतं त्यापेक्षा कमी कर्ज मिळालं, पण मिळालं ते मावशींच्या नावावर.

मैत्रिणींनो, रस्ता उद्या पुन्हा रुंद होईल, टपरी पुन्हा उठेल. तेव्हा कोणी विचारलं की तुमचं इथे काय होतं, तर दाखवायला हातात काय असेल? म्हणून येत्या बैठकीत दोन कामं करा. गटाचं रजिस्टर उघडा आणि प्रत्येकीच्या नावापुढे व्यवसाय काय लिहिलाय ते मोठ्याने वाचा. चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करा. आणि प्रत्येकीने एक वही घाला. लिहिता येत नसेल तर लेकीला, नातीला सांगा. पहिल्या पानावर मात्र नाव स्वतःचं घाला.