प्रस्तावना : निवासी वस्तीतला व्यवसाय आणि नगररचनेतील अपवाद

तळमजल्यावर दवाखाना, मागच्या गल्लीत पिठाची गिरणी, दुसऱ्या मजल्यावर शिकवण्या, समोरच्या इमारतीत पोळी-भाजी केंद्र. आपल्याकडच्या बहुतेक निवासी वस्त्या अशाच असतात. यांतला कोणता व्यवसाय नियमात बसतो, कोणाला खास परवानगी आहे आणि कोणता केवळ कुणी तक्रार केली नाही म्हणून चालू आहे, हे तिथे वर्षानुवर्षे राहणाऱ्यांनाही सांगता येत नाही. भूवापराच्या कायद्यातल्या या प्रश्नांकडे प्रथमच वळणारे विद्यार्थी, वकील आणि छोटे व्यावसायिक यांचे या ग्रंथात स्वागत आहे.

या विषयाची वैचारिक घडण प्रामुख्याने अमेरिकेत झाली. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये संपूर्ण शहरासाठी झोनिंगचे, म्हणजे वापरानुसार शहराचे भाग पाडण्याचे, नियम केले. १९२६ मध्ये ओहायोतील युक्लिड या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी विभागणी वैध ठरवली आणि निवासी भागातून व्यापार व उद्योग दूर ठेवण्याची मुभा नगरपालिकांना मिळाली. पण नकाशावर रेघ ओढणाऱ्याला प्रत्येक भूखंडाचा आकार, उतार आणि शेजार ठाऊक नसतो. हे ओळखूनच त्या काळच्या नमुना कायद्यात स्थानिक मंडळाची तरतूद झाली. नियम जसाच्या तसा लावल्याने अनावश्यक जाच होत असेल, तर हे मंडळ शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकून त्या भूखंडापुरती सूट देऊ शकते. या सुटीला ‘व्हेरिअन्स’ म्हणतात.

जाच कशाला म्हणायचे, हा या शास्त्राचा गाभा. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९३९ मध्ये ‘ऑटो विरुद्ध स्टाइनहिल्बर’ या स्केटिंग रिंकच्या प्रकरणात तीन कसोट्या घालून दिल्या. परवानगी असलेल्या वापरातून जमिनीला वाजवी उत्पन्न मिळू शकत नाही. ही अडचण त्या जागेच्या वेगळेपणातून आलेली आहे, साऱ्या परिसराची नाही. आणि नव्या वापराने वस्तीचे मूळ स्वरूप बदलणार नाही. मालकाची गरिबी, आजारपण किंवा धंद्यातली खोट यांना या कसोट्यांत स्थान नाही. हे निष्ठुर वाटते. पण त्यामागे कारण आहे. व्हेरिअन्स जमिनीला चिकटतो. आजचा मालक जागा विकून गेला तरी सूट मागे उरते आणि तिचे परिणाम शेजारी भोगत राहतात.

अंतरे, उंची अशा मोजमापांतली सूट आणि वापरातली सूट यांत अमेरिकी कायदा फरक करतो. दुसरी मिळणे सहसा फार अवघड असते. आपल्याकडे हा फरक अधिक ठळक आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने उघड दिसणारी अडचण असल्यास मोजमापे शिथिल करण्याचा अधिकार आयुक्तांना दिला. चटई क्षेत्र निर्देशांक मात्र त्यातून वगळला, आणि कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन घातले. शेजाऱ्यांची जाहीर सुनावणी त्या तरतुदीत नव्हती. घरगुती व्यवसायाला याच नियमावलीने वेगळी वाट ठेवली : घरातल्याच माणसाने पगारी मजूर न लावता काम करावे, बाहेर पाटी किंवा मांडणी नसावी, तिथे तयार झालेलीच वस्तू विकावी आणि खानावळ चालवू नये. शिवणकाम करणाऱ्या गृहिणीला यात जागा मिळत होती. पोळी-भाजी केंद्राला मिळेलच असे नव्हते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. शॉप ॲक्टची नोंदणी किंवा सोसायटीची एनओसी म्हणजे भूवापराची परवानगी नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरातला महत्त्वाचा बदल हाही ‘विकास’ ठरतो, मग एक वीटही हललेली नसो. याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली विकास आराखड्यातच बदल करता येतो. त्यासाठी मात्र लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात.

अपवादांकडे पाहूनच नियमाची परीक्षा होते, ही या ग्रंथाची भूमिका आहे. दिल्लीचे उदाहरण बोलके आहे. निवासी भागांतल्या दुकानांवर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सीलबंदी सुरू झाली आणि शहर ढवळून निघाले. फेब्रुवारी २००७ मध्ये लागू झालेल्या ‘मास्टर प्लॅन २०२१’ ने ठरावीक रस्त्यांवर मिश्र वापराला जागा दिली. हजारो जागांची अडचण एकसारखीच असेल, तर ती व्हेरिअन्सच्या कसोटीवर टिकत नाही. तिथे चूक आराखड्याची असते आणि दुरुस्तीही आराखड्यातच व्हायला हवी. असे असताना सुटी वाटत बसणारी यंत्रणा ओळखीच्यांना पावते आणि बाकीच्यांच्या हाती नोटीस ठेवते.

वाचकांनी पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचावीत. मात्र प्रत्येक प्रकरण वाचताना तीन प्रश्न विचारावेत : अडचण माणसाची आहे की जागेची? ती एकाच जागेची आहे की साऱ्या गल्लीची? आणि निर्णयापूर्वी शेजाऱ्याला बोलू दिले का? या प्रश्नांची उत्तरे स्वतः शोधता येऊ लागली, की आपल्या प्रभागाचा विकास आराखडा मागवून वाचावा. खरा अभ्यास तिथून सुरू होतो.