दोन बालराजे

सिंहासनावर मूल बसले की राज्य खरोखर कोणाचे, हा प्रश्न इतिहासाला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत तो दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी उभा राहिला. एक ठिकाण दूरचे, युरोपातील बल्गेरिया. दुसरे निपाणीकरांच्या उंबरठ्यावरचे, कोल्हापूर संस्थान.

त्या काळी निपाणी व बेळगाव इंग्रजी मुलखात होती; परंतु निपाणीच्या उत्तरेचे कागल आणि पूर्वेचे रायबाग ही कोल्हापूरच्या छत्रपतींच्या अमलाखाली होती. १९४० साली राजाराम महाराज निवर्तले. पुढे एका तान्ह्या बालकाला दत्तक घेण्यात आले आणि १९४२ च्या अखेरीस त्याच्या नावे राज्य सुरू झाले. इकडे बल्गेरियाचा राजा तिसरा बोरिस १९४१ मध्ये जर्मनीच्या गोटात सामील झाला होता. ऑगस्ट १९४३ मध्ये तो अकस्मात मरण पावला व त्याचा सहा वर्षांचा पुत्र सिमेऑन गादीवर आला. कारभार तिघा राजप्रतिनिधींच्या हाती गेला.

सप्टेंबर १९४४ मध्ये रशियन फौजा बल्गेरियात शिरल्या आणि ९ तारखेला साम्यवाद्यांचे वर्चस्व असलेल्या पितृभूमी आघाडीने सत्ता घेतली. फेब्रुवारी १९४५ मध्ये तिन्ही राजप्रतिनिधींना गोळ्या घालण्यात आल्या. ८ सप्टेंबर १९४६ रोजी सार्वमत झाले. परकी फौज देशात ठाण मांडून असताना घेतलेल्या त्या मतदानात शेकडा ९५ हून अधिक मते राजेशाहीविरुद्ध पडली. नऊ वर्षांचा सिमेऑन त्याच महिन्यात देश सोडून गेला. योगायोग असा की, त्याच महिन्याच्या २८ तारखेला कोल्हापूरचा बालराजा पाच वर्षांचाही न होता वारला.

येथून दोन्ही वाटा निराळ्या होतात. कोल्हापुरात १९३९ पासून प्रजापरिषद उभी होती. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांसारख्या पुढाऱ्यांनी जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लोकांत रुजविली होती. १९४७ मध्ये देवासचे विक्रमसिंह पवार शहाजी महाराज म्हणून गादीवर आले. संक्रमण अगदी निर्मळ झाले असे मात्र नव्हे. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये कोल्हापुरात जाळपोळ झाली, निरपराध लोकांची घरे गेली. अखेर १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजा गादीवरून उतरला. पण त्याला ना देश सोडावा लागला, ना कोणाला फासावर जावे लागले.

कोल्हापूरच्या प्रजेचे सार्वमत कोणी घेतले नाही, बल्गेरियात ते घेतले गेले. मग अधिक लोकशाही कोठली? उत्तर मतांच्या आकड्यात नसून हरलेल्या पक्षाचे पुढे काय झाले यात आहे. निकोला पेटकोव्ह हा बल्गेरियातील शेतकरी पक्षाचा निवडून आलेला विरोधी नेता. सप्टेंबर १९४७ मध्ये त्याला फाशी देण्यात आली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात साम्यवादी राज्यघटना अमलात आली. विरोध उरलाच नाही.

रायबागच्या लोकांनाही कोणी विचारले नव्हते. १९४९ मध्ये ते मुंबई प्रांतात आले व १९५६ मध्ये बेळगाव, निपाणीसह म्हैसूर राज्यात गेले. सीमाभागातील असंख्य मराठी माणसांना तो निर्णय अन्यायाचा वाटला व आजही वाटतो. तथापि ते गाऱ्हाणे सभेत मांडता आले, न्यायालयात नेता आले, मतपेटीतही टाकता आले. न्याय मिळणे आणि न्याय मागता येणे यांत अंतर आहे खरे. पण मागण्याची वाटच बुजली तर मिळण्याची आशा कोठून उरणार?

बल्गेरियात ती वाट पुन्हा उघडण्यास १९८९ साल उजाडावे लागले. पुढे २००१ मध्ये तोच सिमेऑन मायदेशी निवडणूक जिंकून पंतप्रधान झाला, आणि २००५ मध्ये मतदारांचा कौल विरुद्ध जाताच पायउतार झाला. या वेळी मात्र त्याला देश सोडावा लागला नाही.