स्टिअरिंगचं वर्म

जुन्या मोटारीचा स्टिअरिंग बॉक्स दुरुस्तीसाठी बाहेर काढणं हा विषय इतिहासाच्या व्याख्यानात कशाला, असं कुणी विचारेल. आमचं म्हणणं असं की ही पेटी उघडली की ती गाडी कुणासाठी बनवली होती हे कळतं.

'व्हिंटेज' हा शब्द आपण वाटेल त्या जुन्या गाडीला लावतो. ब्रिटनमधल्या हौशी मंडळींत त्याला ठरलेला अर्थ आहे: १९१९ ते १९३० या काळात बनलेली गाडी. त्यातलीच एक आज घेऊ, ऑस्टिन सेव्हन. १९२१ साली ऑस्टिन कंपनी कर्जात बुडाली होती, तिच्यावर रिसीव्हर नेमला गेला होता. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये मोटारींवर दर अश्वशक्तीमागे एक पौंड कर सुरू झाला. हर्बर्ट ऑस्टिन यांनी छोट्या गाडीचा हट्ट धरला, संचालकांना ती नको होती. मग त्यांनी स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला आपल्या घरीच बसवून आराखडे काढून घेतले. १९२२ मध्ये गाडी आली आणि १९३९ पर्यंत पावणेतीन लाखांहून जास्त विकल्या गेल्या. गिऱ्हाईक कोण? तोवर साइडकार जोडलेल्या मोटारसायकलवर बायकोमुलांना घेऊन फिरणारा माणूस.

आता स्टिअरिंगकडे. दांड्याच्या खालच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असलेला तुकडा असतो, त्याला म्हणतात वर्म. इंग्रजीत वर्म म्हणजे अळी, मराठीत वर्म म्हणजे नाजूक जागा, आणि इथे दोन्ही अर्थ चालतात! हा वर्म एका दातेरी चाकात अडकतो, चाकाच्या शाफ्टवर ड्रॉप आर्म, आणि तिथून ड्रॅग लिंक पुढच्या चाकांकडे. या रचनेचा फायदा असा की हाताचा जोर खाली जातो, पण खड्ड्याचा धक्का उलटा वर हातापर्यंत फारसा येत नाही.

तोटाही यातच आहे. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. म्हणजे घासतात ते मधलेच दोन-तीन दाते. कडेचे, पूर्ण वळवल्यावर लागणारे, जवळजवळ कोरे राहतात. स्टिअरिंगला 'प्ले' येतो. ऑस्टिनमध्ये एक एक्सेंट्रिक बुश असतो, तो थोडा फिरवला की चाक वर्मच्या जवळ सरकतं आणि प्ले कमी होतो. पण मध्यावर घट्ट बसवलं की कडेच्या न झिजलेल्या दात्यांवर ते आवळतं. वळणावर स्टिअरिंग अडकलं तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून बुश फिरवण्याला मर्यादा आहे. त्यापुढे पेटी खाली उतरवावीच लागते.

उतरवताना घाई नडते. पुढचा भाग उचलून पक्क्या स्टँडवर ठेवायचा, नुसत्या जॅकवर नाही. चाकं सरळ ठेवायची. ड्रॉप आर्म आणि शाफ्ट यांवर पंचने जुळती खूण करायची, म्हणजे परत बसवताना दिशा चुकत नाही. ड्रॅग लिंक सोडायची. आर्म शाफ्टवर गच्च बसलेला असतो, तो पुलर लावून काढायचा. हातोड्याने शाफ्ट ठोकला तर आटे जातात आणि आतल्या बेअरिंगलाही मार बसतो. वरती हॉर्नची वायर, हाताने चालवायच्या थ्रॉटलच्या आणि इग्निशन मागेपुढे करायच्या दांड्या सोडायच्या, डॅशखालचा क्लँप सैल करायचा, मग चॅसीवरचे बोल्ट. पेटीखाली पत्र्याच्या चकत्या निघाल्या तर फेकायच्या नाहीत, दांड्याचा कोन त्यांनी धरलेला असतो.

आणि आता खरी गोष्ट. पेटी उघडली की आत पूर्ण गोल दातेरी चाक दिसतं. कामाला लागतो त्याचा छोटासा भागच! मग बाकीचे दाते कशाला? तर झिजलेला भाग बाजूला करून चाक फिरवून बसवायचं, की नवे दाते वर्मसमोर येतात. सुटा भाग विकत घ्यायची गरज नाही. याउलट फोर्डच्या मॉडेल ए गाडीत १९२९ पासून दोन दात्यांचा सेक्टर होता, म्हणजे चाकाचा नुसता तुकडा. तो झिजला की नवा घ्या. फोर्डचे सुटे भाग स्वस्त आणि सगळीकडे मिळणारे, तेव्हा तिथे ते चालून गेलं. ऑस्टिनच्या पूर्ण चाकाला काही जण कंपनीचं औदार्य म्हणतात. आम्हाला तो हिशेब वाटतो. ज्याच्याकडे कराचा एकेक पौंड मोजून होता, त्याला हीच गाडी परवडणार होती.

अर्थात वर्मही मध्यावरच झिजतो, आणि त्याला फिरवून नवी बाजू मिळत नाही. म्हणून आज दुरुस्ती करणाऱ्यापुढे प्रश्न येतो: मूळ चाक फिरवून वापरायचं, की वर्म आणि चाक दोन्ही नवी घालायची? मूळ भागाचा आग्रह धरणारे बरेच असतात. आम्ही त्यांच्यातले, पण स्टिअरिंगपुरते नाही. दाते खरवडलेले असतील किंवा ड्रॉप आर्मला बारीकशी चीर असेल, तर वेल्डिंग करून वेळ मारून नेऊ नये. जुना भाग लेबल लावून कपाटात ठेवावा. नवा बसवल्यावर पेटीत तेल भरायचं, चाकं हवेत असतानाच स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवून बघायचं, कुठेही अडकत नाही ना. मगच गाडी खाली उतरवायची.