कंठांतील सुई

कंठांतील दोन स्वरतंतु एकमेकांस भिडले म्हणजे आवाज उमटतो. त्यांपैकीं एक लुळा पडला कीं मध्यें फट राहते, आवाज घोगरा होतो आणि पाणी पितांना ठसका लागतो. ही फट बुजविण्यासाठीं जर्मन वैद्य विल्हेल्म ब्र्यूनिंग्स यांनीं १९११ सालीं लुळ्या तंतूंत सुईनें पॅराफिन भरलें. आवाज सुधारे, परंतु पॅराफिन जागेवरून सरके व त्याभोंवतीं गांठी धरत, म्हणून ती रीत मागें पडली.

१९६२ सालीं अमेरिकेंत गॉडफ्री अर्नोल्ड यांनीं टेफ्लॉनचा लगदा पुढें आणला. तो शरीरांत विरत नाहीं, हा त्याचा गुण मानला गेला. मात्र कांहीं रोग्यांत कित्येक वर्षांनीं त्या कणांभोंवतीं दाहाची गांठ वाढे. आवाज पुन्हां बसे, क्वचित् श्वासाची वाटहि अरुंद होई. रुतलेला लगदा काढणें तर फारच अवघड.

१९७४ सालीं जपानच्या इस्शिकी यांनीं कंठाच्या कूर्चेंत खिडकी पाडून तंतु बाहेरून आंत सारण्याची शस्त्रक्रिया मांडली. ती गरज पडल्यास बदलतां येते. आतां सुईनें बहुधा शरीरांत शोषले जाणारे पदार्थ भरतात. त्यांनींहि क्वचित् सूज येऊन श्वास कोंडतो. म्हणून आवाजाइतकीच श्वासाचीहि काळजी वैद्यास वाहावी लागते.