एक दशांश अंशाचं इमान

मुंबई, जुलै १९८५. रात्रीचे साडेअकरा.

वरळीच्या बाजूला, एका फिल्म लॅबच्या मागच्या दाराशी तुम्ही उभे आहात. पावसाची सर नुकतीच ओसरली आहे. एक फियाट टॅक्सी येऊन थांबते आणि मागच्या सीटवरून कॅमेरा असिस्टंट उतरतो. छत्री आहे, पण ती त्याच्या डोक्यावर नाही. छातीशी धरलेल्या पत्र्याच्या तीन डब्यांवर ती त्याने आडवी धरली आहे. डब्यांच्या कडा चिकटपट्टीने बंद केल्यात. वर रोल नंबर, 'ईस्टमन ५२४७', आणि ठळक अक्षरांत 'एक्स्पोज्ड – नॉर्मल'.

एका डब्यात हजार फूट निगेटिव्ह, म्हणजे पडद्यावरची अकरा मिनिटं. आज दिवसभर गोरेगावला सेटवर जे काही झालं, नटनट्यांचं, लाइटवाल्यांचं, रंगभूषाकारांचं, ते सगळं या तीन डब्यांत आहे. त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. आणि ते अजून कोणीही पाहिलेलं नाही. आत्ता डबा उघडला तर कधीच कोणी पाहणार नाही.

काउंटरवरचा माणूस डबे मोजून घेतो, रजिस्टरात नोंद करतो. "सकाळी दहाला रशेस हवेत," असिस्टंट सांगतो. रशेस म्हणजे आजच्या चित्रीकरणाची पहिली प्रिंट. तो निघून जातो. तुम्ही डब्यांच्या मागोमाग आत जा.

रात्रीचे बारा.

डबे थेट मशीनवर चढतील असं तुम्हाला वाटलं असेल. तसं होत नाही. त्यांच्या आधी एक वीतभर पट्टी जाते.

केमिस्टच्या खोलीत एक डीप फ्रीझर आहे. त्यात औषधं नाहीत, पट्ट्या आहेत. कोडॅकने कारखान्यात काटेकोर प्रकाश देऊन त्या तयार केल्या आहेत आणि उणे १८ अंशांखाली ठेवायला सांगितल्या आहेत, म्हणजे दिलेला प्रकाश आतल्या आत बदलणार नाही. अशा पट्टीला कंट्रोल स्ट्रिप म्हणतात. पट्टीवर २१ पायऱ्या आहेत. प्रत्येक दोन पायऱ्यांमागे प्रकाश दुप्पट होत जातो. पहिल्या पायरीपेक्षा शेवटच्या पायरीला हजारपट प्रकाश मिळालेला असतो. हिच्यावर नायक नाही, नायिका नाही, आकाश नाही. नुसता राखाडी उतार. पण आज रात्री या इमारतीत सगळ्यात जास्त मान तिचा आहे.

पट्टी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा. नंतर ती अंधारात लीडरला, म्हणजे मशीनमधल्या कोऱ्या फिल्मला, जोडली जाते आणि मशीन तिला ओढून घेतं. तुम्ही तिच्याबरोबर चला.

पहिल्या टाकीत दहा सेकंद. निगेटिव्हच्या पाठीवर काजळीसारखा कार्बनचा काळा थर असतो. कॅमेऱ्यात उजेड मागून परावर्तित होऊ नये, घर्षणाने वीज साचून ठिणगी उडू नये, म्हणून तो लावलेला असतो. इथे तो मऊ होतो आणि पुढे पाण्याच्या फवाऱ्याखाली, फिरत्या रोलरवर घासून निघतो. त्याचा एवढासा कण जरी चिकटून राहिला तरी प्रिंट करताना तो प्रकाश अडवतो, आणि थिएटरमध्ये नायिकेच्या गालावर पांढरा ठिपका उमटतो.

मग डेव्हलपर. तापमान ४१.१ अंश सेल्सिअस. वेळ तीन मिनिटं. चढउताराची मुभा एक दशांश अंश. घरातल्या तापमापकावर ज्या एका बारीक रेघेकडे तुम्ही कधी लक्ष दिलं नाही, तेवढी.

एवढा हट्ट कशासाठी? त्या पातळ पट्टीवर एकावर एक असे संवेदनशील थर आहेत. निळा प्रकाश टिपणारा सगळ्यात वर, हिरवा टिपणारा मध्ये, लाल टिपणारा तळाशी. त्यांत अनुक्रमे पिवळा, मॅजेन्टा आणि सायन रंग तयार होतो. डेव्हलपर वरच्या थरात आधी पोचतो, तळाशी सगळ्यात शेवटी. तीन मिनिटांत तिन्ही थर आपापल्या ठरल्या जागी यायला हवेत. रसायन जरा जास्त गरम झालं, जरा जास्त वेळ मिळाला, की थर एकसारखे वाढत नाहीत. सावल्या एका रंगाकडे झुकतात आणि उजळ भाग दुसऱ्या. असा बिघाड प्रिंटिंगमध्ये पूर्ण निघत नाही. सावली सुधारावी तर चेहरा बिघडतो.

पुढे स्टॉप बाथमध्ये आम्ल डेव्हलपरचं काम तिथल्या तिथे थांबवतं. मग धुणं, ब्लीच तीन मिनिटं, पुन्हा धुणं, फिक्सर दोन मिनिटं, शेवटचं धुणं, अखेरचा रिन्स आणि वाळवणी. हा क्रम १९७४ साली कोडॅकने आणला. लॅबमध्ये त्याला 'ईसीएन-टू' म्हणतात. ब्लीचमध्ये चांदी पुन्हा क्षाररूपात जाते, फिक्सर ती धुऊन काढतो. मागे उरतो तो फक्त रंग.

रात्रीचा एक.

पट्टी कोरडी होऊन बाहेर आली आहे. केमिस्ट तिला घनता मोजणाऱ्या डेन्सिटोमीटरखाली सरकवतो. लाल, हिरवा, निळा असे तीन फिल्टर, आणि तीन आकडे. अगदी फिकट पायरी, फिकटाजवळची, मधली, गडद; निवडक पायऱ्या तो वाचतो, मदतनीस लिहून घेतो. कारखान्यातून आलेल्या संदर्भपट्टीचे आकडे वजा होतात. उरलेला फरक भिंतीवरच्या आलेखावर तीन रंगांच्या पेन्सिलींनी टिंब होऊन बसतो.

जरा पुढे या, आलेख नीट बघा. मधली आडवी रेघ म्हणजे ध्येय. वरखाली आधी सावध होण्याची मर्यादा, तिच्या पलीकडे मशीन थांबवण्याची. आजची तिन्ही टिंबं मर्यादेच्या आत आहेत.

"चालतंय ना साहेब?" मशीनवरचे काका विचारतात. "तीन डबे पडलेत. दहाला रशेस द्यायचेत."

"आत आहे, काका. पण कुठे चाललंय ते बघा."

तुम्हीही बघा. परवाचं टिंब रेघेवर होतं. कालचं जरा वर. आजचं आणखी वर. तिन्ही रंग एकत्र चढत आहेत. एकट्या दिवसाचा आकडा निर्दोष आहे, तीन दिवसांची चाल निर्दोष नाही. चांगला केमिस्ट मर्यादा ओलांडली जाण्याची वाट बघत नाही. उद्या ती ओलांडली जाईल तेव्हा टाकीत कुणाचं तरी निगेटिव्ह असेल.

आता शोध सुरू होतो. तापमापक खरं बोलतोय का? दुसऱ्या, तपासून घेतलेल्या तापमापकाने पडताळा होतो: ४१.१. मशीनचा वेग? घड्याळ लावून मोजला जातो: बरोबर. मग डेव्हलपरचा नमुना काढून ब्युरेटखाली, म्हणजे रसायन मोजायच्या काचनळीखाली, येतो. ब्रोमाइड कमी निघतं.

इथे गणित असं आहे. फिल्म डेव्हलप होताना तिच्यातून ब्रोमाइड सुटून टाकीत उतरतं, आणि ते डेव्हलपरला लगाम घालतं. त्याच वेळी खर्ची पडलेल्या रसायनांची भरपाई म्हणून ताजं द्रावण सतत सोडलं जातं. फिल्म आणि भरपाई यांचं प्रमाण जमलं की टाकी महिनोन्‌महिने एकसारखी वागते. पण गेले दोन दिवस काम थोडं होतं, फिल्म कमी गेली, आणि भरपाईचा नळ मात्र पहिल्याच प्रमाणात वाहत राहिला. लगाम सैल झाला, डेव्हलपर जोरात धावू लागला. नळ कमी केला जातो. हिशोबाने मोजलेलं सोडियम ब्रोमाइड टाकीत पडतं. पंप ते सगळीकडे सारखं मिसळतो.

आणि फ्रीझरमधून दुसरी पट्टी निघते. सगळं पहिल्यापासून. काका घड्याळाकडे बघतात, पण काही बोलत नाहीत. दुसऱ्या पट्टीची टिंबं रेघेच्या अंगाला येऊन बसतात, तेव्हाच केमिस्ट मान हलवतो.

रात्रीचे पावणेतीन.

आता डबे. पूर्ण अंधार. लोडरचे हात बोटांनीच फिल्मची कड ओळखतात, एका रोलचं टोक दुसऱ्याला जोडतात. तुम्हाला काही दिसत नाही, फक्त रोलरांची एकसुरी घरघर ऐकू येते. अंधारातल्या त्या टाकीत या क्षणी कुणाचं तरी कर्ज आहे, कुणाची पहिली भूमिका आहे.

या इमारतीतल्या सगळ्यांना एक गोष्ट पाठ आहे. ब्लीच कमी पडलं, चांदी मागे राहिली, रंग मळकट झाले, तरी ती फिल्म पुन्हा ब्लीच करता येते. फिक्सर थकला, फिल्म दुधाळ दिसली, तरी पुन्हा फिक्स करता येते. डेव्हलपरमधल्या तीन मिनिटांना मात्र दुसरी संधी नाही. मशीन तिथे अडकलं तर टाकीतली फिल्म हातची गेली. फिक्सरचे थेंब डेव्हलपरमध्ये उडाले तर फॉगिंग होतं, प्रकाश न लागलेला भागही काळवंडतो, सगळ्या टाकीचा भरवसा जातो. म्हणून फिक्सरच्या बाजूची बादली डेव्हलपरच्या बाजूला येत नाही. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, म्हणून फिल्टर सारखे बदलले जातात.

जरा मागे चला, १९३३. कोल्हापुरात घडलेल्या प्रभात कंपनीच्या 'सैरंध्री' चित्रपटावर रंगसंस्कार व्हायचे आहेत, पण ते इथे करण्याची सोय नाही. काम जर्मनीत होतं, आणि रंग मनासारखे येत नाहीत. पुढे मेहबूब खानांचा १९५२चा 'आन' १६ मिलिमीटर कोडाक्रोमवर चित्रित होतो. टेक्निकलरच्या प्रती लंडनला निघतात. सोहराब मोदींच्या १९५३च्या 'झाँसी की रानी'लाही लंडनचीच लॅब लागते. तिकडचं तापमान, तिकडची टाकी, तिकडचा निर्णय. इथल्या माणसांनी वाट बघायची. १९८५च्या या रात्री तोच निर्णय वरळीतला एक केमिस्ट घेतो आहे, स्वतःच्या ब्युरेटवर आणि स्वतःच्या जबाबदारीवर. मधल्या तीस वर्षांतली ही कमाई रंगीत पोस्टरांवर कुठे छापलेली नाही.

सकाळचे आठ.

निगेटिव्ह वाळून गुंडाळलं गेलं आहे. सुती हातमोजे घातलेली मुलगी लाइट टेबलावर ते सावकाश सरकवते. ओरखडे, ठिपके, भोकांच्या फाटक्या कडा शोधते. तुम्हाला नारिंगी झाकेतली उलटी माणसं दिसतात, काळे दात, पांढरे केस.

शेजारच्या खोलीत प्रिंटचे रंग ठरवणारा ग्रेडर दुसरंच निगेटिव्ह बघतो आहे. एका बाईचा चेहरा आणि तिच्या बाजूला राखाडी चौकोन. सत्तरच्या दशकात कोडॅकच्या जॉन पिटलॅक यांनी या चौकोनाची पद्धत बसवली. या निगेटिव्हवर त्याची घनता लाल ०.८०, हिरवी १.२०, निळी १.६० असते, आणि प्रिंटमध्ये तो ठरलेल्याच राखाडी छटेत उतरायला हवा. तो तसा उतरला की प्रिंटर आणि पॉझिटिव्हचं मशीन बरोबर आहेत असं समजायचं. मगच नायिकेच्या साडीचा रंग ठरवायचा. प्रिंटरवर लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे प्रत्येकी ५० टप्पे आहेत. ग्रेडर तीन आकडे लिहितो. कॅमेरामनला संध्याकाळी फोनवर तेच आकडे मिळतील, आणि त्यावरून आपलं एक्स्पोजर कुठे पडलं ते त्याला कळेल. पण कालच्या आणि आजच्या आकड्यांतला फरक त्याच्या दिव्यांमुळेच पडला असं त्याला म्हणता यायला हवं. टाकी रोज वेगळी वागली असती, तर ते आकडे निरर्थक ठरले असते. केमिस्टने रात्री राखला तो टाकीचा हा एकसारखेपणा.

त्या आकड्यांवर प्रिंट निघते आणि दहा वाजता रशेस सुरू होतात. दिग्दर्शक अभिनयावर बोलतो, निर्माता खर्चावर. लॅबबद्दल कोणी एक शब्द काढत नाही. लॅबसाठी याहून चांगला अहवाल नाही.

आज.

तुम्ही आपल्या काळात परत आला आहात. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. चित्रीकरणाची फिल्म बनवणं फुजीने २०१३ मध्ये थांबवलं. मुंबईतल्या जवळजवळ सगळ्या टाक्या कोरड्या पडल्या. पण १९८५चा तो सिनेमा आज स्कॅनरवर चढू शकतो, आणि त्याची खरी परीक्षा आत्ता होते. फिक्सर नीट धुतला गेला होता का? अखेरचा रिन्स ताजा होता का? धुण्यात कसर राहिली असेल तर उरलेलं रसायन रंग खात बसतं. त्या रात्री ते कुणालाच दिसलं नसतं, चाळीस वर्षांनी दिसतं. जुना सिनेमा नव्या पडद्यावर टवटवीत पाहून तुम्ही संगणकाचं कौतुक करता तेव्हा त्यातला मोठा वाटा आलेखावर टिंबं काढणाऱ्यांचा असतो. जे निगेटिव्हवर उरलेलं नाही, ते संगणकाला अंदाजानेच भरावं लागतं.

म्हणून दोन गोष्टी करा. घरच्या माळ्यावर, गोदामात, बंद पडलेल्या ऑफिसात फिल्मचे डबे असतील तर भंगारात देऊ नका. चांदी निघेल या आशेने तर नकोच. रंगीत निगेटिव्हमधली चांदी लॅबमध्येच निघून गेलेली असते, उरलेला असतो तो फक्त सिनेमा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा पायाच कुजायला लागला आहे असं समजा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी लगेच संपर्क साधा. दुसरं, तुमच्या ओळखीत लॅबमध्ये नोकरी केलेलं कोणी असेल, तर त्यांच्याकडे जा, त्यांचं काम त्यांच्या तोंडून ऐका आणि नोंदवून ठेवा. नटांच्या मुलाखती भरपूर झाल्या. ज्यांनी एक दशांश अंश सांभाळला त्यांच्या अजून फारशा झालेल्या नाहीत, आणि त्यांची वयं आता वाट बघण्याची नाहीत.