लाक उपसागर : विंडसर्फिंगसाठी वारा, पाणी आणि प्रवेश

कॅरिबियन समुद्रातील बोनेर या डच बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, प्रवाळभित्तीच्या आड, लाक हे सुमारे ७०० हेक्टरांचे खारकच्छ आहे. शालेय भूगोलातले व्यापारी वारे येथे प्रत्यक्ष अंगावर येतात : डिसेंबर ते ऑगस्ट बहुधा १५ ते २५ नॉट, सप्टेंबर ते नोव्हेंबर मात्र ते रोडावतात. लाटा भित्तीवरच फुटतात आणि आत बहुतांशी कमरेइतके, सपाट पाणी उरते. वारा समुद्राकडून येत असल्याने तोल गेलेला शिकाऊ बाहेर वाहून न जाता आतल्या किनाऱ्याकडे ढकलला जातो. इतके निर्धोक पाणी विरळाच.

परंतु पडलेला माणूस उभा राहतो तो समुद्रगवतावर, आणि हिरव्या कासवांचे खाद्य तेच. हे क्षेत्र १९८० पासून रामसर यादीत आहे. दक्षिणेकडील सोरोबोन किनाऱ्यावर फळ्या व शिडे भाड्याने मिळतात. पाण्यात उतरावे तेथूनच. राजधानी क्रालेंडाइकहून गाडीने पाव तासाचा रस्ता. पाहुण्यांना निसर्ग-शुल्क भरावे लागते. काइटसर्फिंगला येथे मनाई आहे. उत्तरेकडील कांदळवनाजवळ शीड नेऊ नये. फळीखालचा फिन आखूड घ्यावा. लांब फिन उथळ पाण्यात गवत उपटतो आणि स्वाराला तोंडघशी पाडतो.